सहाव्या पेटीचं शीट

गुढियारी, रायपूर
९ मार्च २०२५

चिरंजीव यशदीप यास बाबाचा जयभीम.

तुझं पुस्तक परवा पोचलं. मी न्हाणीत होतो, तर तुझ्या आईनं सही करून पाकीट घेतलं अन् सरळ बुद्धाच्या फोटोसमोर ठेवून दिलं. मले हात लावू देईना. म्हणे, आधी अंग पुसा, शर्ट घाला, मंग पाहा. शर्ट घालून पाह्यलं.

फोन केला का तू म्हणतो, बाबा, थोड्या वेळानं करतो. तो थोडा वेळ काही येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. मी बोलतो तसाच लिहून राहिलो, शुद्ध-अशुद्ध पाहू नको.

पुस्तक जाड आहे, कागद चांगला आहे. कव्हरवर माझा ड्रॅगन पाहून तुझी आई रडली. सहाव्या दगडी शवपेटीच्या डाव्या शिळेवरचा तो. त्याच्या खवल्यायले मले एकोणीस दिवस लागले होते, ते तिले माहीत आहे. उरल्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला का काळी धूळ टेबलावर बसायची, अन् ती दर तासाले ओलं फडकं घेऊन यायची. धूळ बसली का शाई ड्रॉईंगच्या प्लास्टिक फिल्मवर फुटते, रेघेले मिशा येतात.

मंग मी चष्मा घालून एकेक पान पाह्यलं. एकसष्ट चित्रं, एकसष्टही माझी. एकाच्याही कोपऱ्यात नावाची चौकट नाही.

दोन हजार वीसमध्ये सारं बंद पडलं, तुझं चीनले जाणं राहून गेलं, तवा तू म्हटलं होतं का बाबा, माझ्यापाशी ठशांचे फोटो आहेत पण रेघेचं ड्रॉईंग काढून देणारा कोणी नाही. ठसा म्हणजे काय हे तूच फोनवर समजावलं होतं. ओला पातळ कागद दगडावर बसवायचा, वरून शाईचा बोळा थोपटायचा, उठाव काळा येते अन् खोलगट पांढरं राहते. हजार वर्षं जुन्या नऊ दगडी शवपेट्या. मी विचारलं होतं, जमिनीत पुरायच्या पेटीवर एवढी नक्षी कोण करते रे? ढग, कमळाच्या वेली, दार अर्धं उघडून बाहेर पाहणारी बाई, अन् आईबापाची सेवा करणारे पोट्टे. एक तर बर्फावर उघडा झोपला आहे, का तो वितळावा अन् आईसाठी मासा निघावा. मले पूल काढायची सवय. छत्तीस वर्षं रेल्वेच्या ड्रॉईंग ऑफिसात गर्डर काढले. तरी अडीच वर्षं बसलो, मोतीबिंदू एका डोळ्याचा काढून आलो अन् परत बसलो.

रेल्वेत कोपऱ्याबिगर शीट म्हणजे रद्दी. कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख. पूल पडला तर कोणाची मान धरायची हे त्या चौकटीत लिहिलेलं असते. म्हणून मी सगळ्यायले चौकट केली. तू डिसेंबर बावीसमध्ये आला तवा सारी शीटं जेवणाच्या टेबलावर मांडून तुले चेक करायले लावली. तू हसत होता, ‘क्या बाबा, ऑफिस समझ लिया क्या,’ पण ‘य. रा.’ केलं तू प्रत्येकावर. मंग स्कॅन घेऊन गेला अन् शीटं माझ्यापाशी नळीत राह्यली.

आता पुस्तकात लिहिलं आहे का सारी रेखाचित्रं लेखकानं म्युझियममध्ये मूळ दगडासमोर बसून काढली. आभारात लिहिलं आहे का भारतातल्या कुटुंबानं धीर धरला. त्या कुटुंबात मीही आलो असन.

छापणाऱ्याची चूक असन असं तुझी आई म्हणते. मीही तसंच समजून राहिलो. पुढच्या छपाईत माझं नाव घालून घे. ह. ल. रामटेके, एवढंच. बाकी काही नको.

बाबा


२ एप्रिल २०२५

यशदीप,

तू फोन केला, बरं केलं. पण तू जे बोल्ला ते मी लिहून ठेवतो, का माझ्या कानाचा भरवसा नाही असं उद्या कोणी म्हणू नये.

तू म्हटलं, छापणाऱ्यानं नाही कापलं, मीच कापायले सांगतलं. तू म्हटलं, तिकडं परदेशातल्या युनिव्हर्सिटीत असं चालत नाही, चित्रं दुसऱ्याकडून काढून घेतली म्हटलं का फील्डवर्क कच्चं समजतात, त्यात माझी नोकरी अजून पक्की नाही. अन् मंग तू म्हटलं, ‘बाबा, आपलं-तुपलं काय आहे त्यात, घरचीच गोष्ट आहे ना.’

घरची गोष्ट. मी तुझ्या ऑफिसात येऊन तुझ्या लेखावर माझं नाव टाकलं असतं, तर घरची गोष्ट म्हटली असती तू?

तुझी आई म्हणते, ‘नाव घेऊन काय करता आता, त्या नावानं काय भाकर येते? पोट्ट्याचं भलं होऊन राह्यलं तर होऊ द्या.’ मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आंबाडीची भाजी केली तवा बोललो. तर ते सोड. नावाचं मी गिळलं असतं, बाप आहे. पण हे पत्र दुसऱ्याच कामाचं आहे, नीट वाच.

मी डिक्शनरी घेऊन सहावं प्रकरण वाचलं. अकरा दिवस लागले. त्यात तू म्हणतो का बाकी आठ पेट्यांवर ड्रॅगन पेटीच्या पुढच्या टोकाकडं तोंड करून निघाला आहे, मेलेल्या माणसाले वाट दाखवत. अन् सहाव्या पेटीवरचा एकटाच मागं वळला आहे, मेलेल्याच्या तोंडाकडं पाहते, का त्या कारागिराले त्याले जाऊ द्यायचं नव्हतं. त्यावर तुझी चाळीस पानं आहेत. त्याच प्रकरणाले बक्षीस भेटलं हे तुझ्या बहिणीनं, रीनानं सांगतलं.

यशदीप, तो ड्रॅगन मागं वळलेला नाही. फोटो उलटा होता.

हे मी आज नाही सांगून राहिलो. काढतानाच दिसलं होतं. नऊही पेट्यांवर माणसायचे अंगरखे पाहा, डाव्या बाजूचा पदर उजव्यावर येते, सगळ्यायचा. फक्त सहाव्या पेटीच्या त्या एका शिळेवर तो उलटा आहे. एखाद्या माणसाचा उलटा असता तर गोष्ट वेगळी. तिथं साती माणसायचा उलटा आहे. कागद पातळ असते, शाई मागं फुटते, कोणी तरी ठसा मागच्या बाजूनं टांगला अन् त्याचा तसाच फोटो तुझ्यापाशी आला. अक्षरं कोरली असती तर तुलेही दिसलं असतं, पण त्या शिळेवर अक्षर नाही.

मी चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं: ठशाचा फोटो मागच्या बाजूनं घेतलेला वाटतो, मूळ दगडावर तपासावे. तू ते वाचलं. म्हटलं, ‘मेलेल्यायले तिकडं उलटा पदर घालतात बाबा, पण देख लूँगा.’ मी म्हटलं, ही तर जिवंत माणसं दिसतात, गाई हाकून राहिली. तू ‘हव हव’ म्हणून खाली सही केली.

चौकट कापली तवा ती ओळही कापली गेली. आता अजून कोणाच्या ध्यानात नाही आलं तोवर तूच सांगून टाक. पाहिजे तर माझं नाव नको घालू. पण शीट चुकीचं छापून ठेवू नको, मले झोप येत नाही.

बाबा


२० एप्रिल २०२५

यशदीप,

तुझा मेसेज रीनानं वाचून दाखवला. ‘बाबा, प्लीज, इसमें मत पड़ो.’ मराठीत लिहायलेही लाज वाटली का तुले?

चौदा तारखेले विहारात जयंतीचा कार्यक्रम होता. सत्कार ठेवला होता, तुझ्या नावाचा, अन् तू नाही म्हणून माझा. लहानू मेश्राम अध्यक्ष होता. माझ्याच ऑफिसातला, माझ्या टेबलाच्या मागं वीस वर्षं बसला, रेघ कशी असते हे त्याले कळते. त्याच्या हातात तुझं पुस्तक. तो माइकवर म्हणते का आमच्या पाऱ्यातला, या मोहल्ल्यातला पोट्टा चीनमध्ये जाऊन थंडीत दगडासमोर बसला अन् ही चित्रं काढली, बाप ड्राफ्ट्समन होता, ते रक्तातच आलं. अन् मंग त्यानं तो मागं वळलेला ड्रॅगन सगळ्यायले दाखवला, तुझी ती गोष्ट सांगतली. पुढं बसलेल्या बायांनी डोळे पुसले.

मले शाल दिली. मी उभा राह्यलो, हात जोडले, अन् मीही टाळी वाजवली. खोटं बोललो मी, यशदीप, चारशे माणसायसमोर, बाबासाहेबांच्या फोटोखाली. एक शब्द न बोलता बोललो. खाली उतरलो तवा लहानूनं हळूच विचारलं, ‘हरिदासभाऊ, ही खवल्याची रेघ तर तुमची वाटते.’ मी म्हटलं, नाही बाप्पा, पोट्ट्याची आहे. त्यानं पान उघडलं, पाह्यलं, पुस्तक मिटलं.

तेव्हापासून मी विहारात गेलो नाही. तुले सांगतो, मले राग आहे. तुझ्या आईले वाटते मी रुसलो. रुसायचं वय नाही माझं, मले राग आहे.

बाबा


११ ऑगस्ट २०२५

डॉ. यशदीप रामटेके,

अभिनंदन. माझं नाव छापलं तुम्ही.

रीना उरल्यावरून ड्यूटी करून आली अन् चपला न काढता माझ्यापाशी बसली. मोबाइल दाखवेना, मी ओढून घेतला. तिकडच्या एका बाईनं लेख लिहिला आहे म्हणे, चीनचीच आहे, त्या म्युझियममध्ये जाऊन तिनं दगडच पाह्यला. सहाव्या पेटीचा ड्रॅगन बाकी आठांसारखाच पुढं पाहते, मागं-बिगं काही नाही. अन् तिनं पुरावा काय दिला, तर अंगरख्याचे पदर. वाचून मले एक मिनिट बरं वाटलं. म्हटलं, चला, जगात कोणी तरी शीट नीट पाहते.

मंग रीनानं खाली सरकवलं. तुझा खुलासा. मी तो तिच्याकडून तीनदा वाचून घेतला अन् मंग स्वतः वाचला. ‘रेखाचित्रांचं काम भारतातील रायपूर येथील निवृत्त रेल्वे ड्राफ्ट्समन ह. ल. रामटेके यांच्याकडे सोपवलं होतं. ट्रेसिंग करताना त्यांच्या हातून शिळा उलटी काढली गेली. लेखकास ही चूक वेळेत लक्षात आली नाही, याचा खेद आहे.’

यांच्याकडे सोपवलं होतं. बाप आहे हेही नाही लिहिलं. आडनाव एक आहे म्हणून कोणी विचारलं तर काय सांगितलं असतं रे, की आमच्याकडं सगळेच रामटेके असतात?

पाच महिने मी माझं नाव मागून राहिलो अन् तू दिलं नाही. गळ्यात फास पडला तवा तुले माझं पूर्ण नाव, गाव, खातं सगळं आठवलं. छत्तीस वर्षांत माझ्या एका शीटवर चूक निघाली नाही. साहेब लोक बदलले, तीन डिव्हिजनल इंजिनियर झाले, पण हरिदासचं शीट परत नाही आलं. अन् चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या हातून शिळा उलटी निघाली, असं साऱ्या दुनियेनं वाचलं. तेही माझ्या पोट्ट्याच्या सहीनं.

तुझ्या त्या पेट्यांवर एक गोष्ट आहे, चौथ्या पेटीवर, उजवीकडं. मुलगा म्हाताऱ्या बापाले डोलीत घालून जंगलात टाकून यायले निघते. त्याचा पोट्टा मागं जाऊन रिकामी डोली उचलून आणते. म्हणते, असू द्या, तुमच्यासाठी लागन. मी ते काढून राहिलो होतो तवा तुले फोन लावून सांगतलं होतं अन् आपण दोघं हसलो होतो. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी तीनदा खरडून परत काढला होता, जमत नव्हता. आता जमला असता.

लिहायचं पुष्कळ आहे पण आज इथंच थांबतो.

ह. ल. रामटेके


४ सप्टेंबर २०२५

यशदीप,

तू परवा पाऊण तास बोल्ला. पाच वर्षांत एवढा कधी बोल्ला नव्हता. म्हणून मीही निवांत लिहितो, हे शेवटचं पत्र समज.

तुझ्या पुस्तकवाल्यायचं पत्र रीनाच्या मेलवर आलं आहे, हे तुले माहीतच आहे. ते विचारतात का, श्री. रामटेके, चूक तुमच्या हातून झाली हे बरोबर आहे काय, अन् मूळ शीट तुमच्यापाशी असलं तर आमच्याकडं पाठवता काय. इज्जतीनं लिहिलं आहे. मिस्टर लिहिलं आहे.

तू म्हटलं, बाबा, फक्त ‘हो’ म्हणून कळवा. शीट हरवलं म्हणा, धुळीत खराब झालं म्हणा. तुम्ही रिटायर्ड आहात, तुमचं काय जाते. माझी नोकरी डिसेंबरात पक्की होणार का जाणार हे यावर आहे. हप्ते आहेत, पोरीची शाळा आहे. तू रडला. खोटं नव्हता रडत, एवढं मले कळते. अन् मंग आईले फोन द्या म्हटलं.

तुझी आई माझ्यासमोर बसली. अंजनाबाईनं पन्नास वर्षांत मले काही मागितलं नाही, तुले माहीत आहे. ती म्हणे, ‘तुमच्या नावाले कोण ओळखते जी? दहा लोक नाही ओळखत. त्याचं सारं आयुष्य आहे. माह्यासाठी हो म्हणा.’

रीना म्हणे, ‘बिलकुल नहीं बाबा. भैया ने एक बार भी सॉरी बोला क्या?’ दोघींचं भांडण झालं. मी उठून नळी काढली.

सहाव्या पेटीचं शीट टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यावर वाट्या ठेवल्या. ड्रॅगन चांगला आहे, यशदीप. उलटा आहे पण चांगला आहे. खाली चौकट. ड्रॉन, म्हणजे काढणारा, ह. ल. रा. त्याच्या खाली माझी ती ओळ, का ठशाचा फोटो मागच्या बाजूनं वाटतो, तपासावे. अन् चेक्डच्या रकान्यात तुझं ‘य. रा.’ अन् तारीख, २६ डिसेंबर २०२२.

मी विचार केला, ‘हो’ नाही म्हणणार. ज्या शीटवर मी शंका लिहून ठेवली त्यासाठी मी दोषी आहे असं मरेपर्यंत म्हणणार नाही. पण मंग वाटलं, तुझी सही तेवढी काढून टाकतो. शीट पुस्तकवाल्यायकडं जाईल, त्यावर माझी ओळ जाईल, अन् तू ती कधी पाह्यलीच नव्हती असं होईल. तू म्हणू शकशील का बापानं शीट मले दाखवलंच नाही. तेवढं तरी माझ्या हातानं तुझ्यासाठी होईल. फिल्मवरची शाई खरडायले आम्ही ब्लेडचा अर्धा तुकडा वापरतो, तो माझ्या डब्यात आहेच. दोन मिनिटाचं काम.

‘य’ची उभी दांडी खरडली. साफ निघाली. तुझी आई दारात उभी होती. मी काय करून राहिलो हे तिले कळलं, अन् तिनं मले अडवलं नाही.

मंग थांबलो. तुझ्यासाठी नाही थांबलो. माझ्या नावाच्या खाली खोटं चेकिंग राहील, असं शीट मी छत्तीस वर्षांत ऑफिसाबाहेर जाऊ दिलं नाही. पण खरडलेली दांडी परत शाईनं भरायची मले हिंमत झाली नाही.

ऑफिसात नियम होता, शीटवर काही खोडलं, खरडलं, तर बाजूले कोणी अन् कधी ते लिहायचं. तर तुझ्या अर्ध्या सहीच्या बाजूले मी बारीक अक्षरात लिहिलं: ही सही मी खरडायले घेतली होती, पूर्ण खरडली नाही. ह. ल. रामटेके, बाप. ३ सप्टेंबर २०२५.

मराठीत लिहिलं. तिथं कोणाले वाचता येणार नाही, ते तुलेच बोलावतील वाचायले.

रीनानं आज सकाळी ड्यूटीवर जाताना शीट पाठवलं. तुझी आई कालपासून माझ्याशी बोलली नाही, जेवलीही नाही. तिले फोन कर. मले नको करू.

ह. ल. रामटेके